छाप नाही म्हणून मोडीत घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची साफसफाई सुरू झाली, की गुजरीत, आपल्या सराफ बाजारात, माळ्यावरचं तांबं-पितळ पिशव्यांतून यायला लागतं. हल्ली त्यात दौती, कलमदानं, पेपरवेट बरेच दिसतात. बहुतेकांवर शुद्धतेचा छाप नसतो. मग कुणी म्हणतं 'चांदी आहे', कुणी म्हणतं 'मोडीत घाला'. जन्मभर हातोडी आणि राळ सांभाळलेला कारागीर म्हणून चार शब्द लिहितो.

परवा शुक्रवार पेठेतल्या एक वहिनी आजेसासऱ्यांचं कलमदान घेऊन आल्या. ते वकील होते. दोन काचेच्या दौती, मध्ये टाकासाठी खाच, खाली चार पाय. एका दुकानात मशीनवर तपासून 'चांदी ९२ टक्के' असा कागद मिळालेला. कागद खोटा नव्हता. पण ते क्ष-किरणांचं मशीन फक्त वरचा थर वाचतं, मिलिमीटरचे काही शतांश. वर चांदीचं पाणी चढवलेलं असलं तर ते चांदीच सांगणार, त्यात त्याचा काय दोष?

आत काय आहे ते पाणी सांगतं. दौती काढून कलमदान कोरडं तोललं, ४१२ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणला आणि कलमदान दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडेल असं, पण तळाला न टेकता, लोंबतं धरलं. काट्यानं ४८ दाखवले, म्हणजे कलमदानानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. ४१२ भागिले ४८ म्हणजे साडेआठच्या थोडं वर, म्हणजे धातू तेवढ्याच जागेतल्या पाण्याच्या इतके पट जड. शुद्ध चांदी असती तर साडेदहाच्या जवळ आलं असतं. साडेआठ म्हणजे पितळ किंवा जर्मन सिल्व्हर. दुसऱ्यात तांबं, निकेल, जस्त असतं, चांदी औषधालाही नसते. दोन्हींचा आकडा जवळजवळ सारखाच, तेव्हा निकाल डोळ्यांनी लावायचा. पायांच्या कडा झिजून तिथून पिवळं डोकावत होतं. पितळच. ब्राँझ म्हणून खपवलेल्या शोभेच्या पेपरवेटचा आकडा सातच्या आसपास आला, तर आत जस्ताचं ओतकाम समजा. मात्र पोकळ बैठकीत राळ किंवा शिसं भरलेलं असलं, तर हा हिशेब फसतो.

छाप नाही म्हणजे खोटं, हेही खरं नाही. आपल्याकडे चांदीचं हॉलमार्किंग सुरू झालं २००५ मध्ये. त्याआधी इथं घडवलेल्या अस्सल चांदीवरही बहुधा काही नसतं.

वयाचं कोडं जास्त गमतीचं. विजेनं मुलामा चढवण्याचं पेटंट इंग्लंडात १८४० चं, म्हणजे असा मुलामा त्याआधीचा नाही. अॅल्युमिनियम स्वस्त झालं १८८६ नंतर, क्रोमचा मुलामा बाजारात आला १९२० च्या दशकात, फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकात. या कलमदानाचे स्क्रू सरळ खाचेचे, पण एक बाकीच्यांपेक्षा चकचकीत, आटेही वेगळे. तो दुरुस्तीत बदललेला. त्याच्यावरून वय काढलं तर पंचाईत. वस्तू जुनी आहे हे मला पटलं ते झाकणाच्या बिजागरीनं. तिच्या सांध्यात शाई वाळून दगड झालेली, आणि शाईतल्या आम्लानं तिथला मुलामा खाल्लेला. झाकणाची कड अंगठा लागतो तेवढीच गुळगुळीत. नकली जुनेपणा रसायनात बुडवून आणतात, तो सगळीकडे सारखाच काळा असतो. माझा अंदाज, वस्तू विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. याहून नेमकं साल कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर पुरावा मागा.

वहिनींनी नुसती घडी केलेल्या फडक्यानं पुसून आणली होती, हे नशीब. एका दुकानात मागे एका काकांच्या दौतीला न विचारता बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक, मारला. मुलामा गेला, कोरलेली अक्षरं गेली, वर पॉलिशचे पैसे घेतले. चिंच आणि राखही तेच करतात, फक्त सावकाश. कुणी खात्रीसाठी कानस मारतो म्हणाला, तर वस्तू उचला आणि घरी या.

शंभर वर्षांवरची अशी वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. परगावाहून येऊन किलोवर उचलणारे हे सांगत नाहीत.

आपल्या टाउन हॉल संग्रहालयात इथल्याच ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती आहे. धातूची वस्तू जतन कशी करायची, हे तिथल्या माणसांना आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं कळतं. संग्रहालयानं महिन्यातला एखादा दिवस लोकांच्या घरच्या वस्तू नुसत्या बघून देण्यासाठी ठेवावा. किंमत सांगू नये, विकत घेऊ नये. धातू कोणता, साधारण वय किती आणि काय करू नये, एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं. काटा आणि पाण्याचं भांडं मी घेऊन येतो.

आपला,
गुजरीतला एक निवृत्त कारागीर, कोल्हापूर