प्रयोगशाळेला कुलूप, म्हणून प्रयोग मोरीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी आमच्या वाड्यात फाट् करून आवाज झाला आणि पाठोपाठ एका लहान मुलीचं रडणं ऐकू आलं. शेजारचा आठवीतला मुलगा मोबाईलवर बघून हायड्रोजन तयार करत होता. सामान सगळं घरातलंच: कोल्ड्रिंकची रिकामी बाटली, मोरी तुंबली की टाकतात ती कॉस्टिक सोड्याची पूड, डब्यात चपात्या गुंडाळायचा चंदेरी कागद आणि बाटलीच्या तोंडाला लावलेला फुगा. भरलेला फुगा त्यानं धाकट्या बहिणीच्या हातात दिला आणि काडी ओढली. त्याच्या भुवया जळाल्या, तिची चार बोटं भाजली. तिकडे मोरीत ठेवलेली बाटली तापून मऊ पडली, कलंडली आणि आतलं कढत पाणी फरशीवर सांडलं. धावत आलेल्या आईचा अनवाणी पाय त्यातच पडला.

कुणीतरी टूथपेस्ट घेऊन आलं होतं. मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं परिचर होतो, त्यामुळे ती लावू दिली नाही. नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं, म्हणून पिंपातलं पाणी तांब्यातांब्यानं चांगली वीस मिनिटं दोघींच्या हातापायांवर ओतत राहिलो आणि मगच रिक्षा बोलावली. दोघी आता बऱ्या आहेत. डोळे वाचले, हे नशीब.

या प्रयोगात मुलं फसतात कुठे, ते आईवडिलांना कळलं पाहिजे. चंदेरी कागद म्हणजे ॲल्युमिनियम, आणि त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. तो विरघळेपर्यंत बाटलीत फारसं काही होत नाही. मुलाला वाटतं कागद कमी पडला, म्हणून तो आणखी तुकडे टाकतो. मग एकदम सगळं उकळू लागतं. उष्णतेनं क्रियेचा वेग वाढतो आणि वेगानं उष्णता वाढते. काही पुड्यांमध्ये तर ॲल्युमिनियमचे कण आधीपासूनच मिसळलेले असतात. अशी पूड आणि पाणी घालून बाटलीचं झाकण लावलं, तर बाटली फुटून कॉस्टिक थेट तोंडावर उडतं.

आणि हायड्रोजन पेटायला फार काही लागत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण २ ते ९.५ टक्के असला तरच पेट घेतो, हायड्रोजन मात्र ४ पासून ७५ टक्क्यांपर्यंत कसाही पेटतो. नायलॉनचं कापड घासून उडणारी बारीक ठिणगीही त्याला पुरते. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. शाळेत आम्ही दाणेदार जस्त आणि विरल आम्ल घेऊन जेमतेम एक परीक्षानळी भरत असू. जळती काडी नेली की 'फट्' व्हायचं, पोरं टाळ्या वाजवायची. दोन लिटरच्या बाटलीत अशा शंभर परीक्षानळ्या मावतात. त्या मोबाईलवाल्यानं हे सांगितलं नव्हतं.

सिद्धेश्वराच्या यात्रेत गड्ड्यावर, म्हणजे जत्रेच्या मैदानात, गॅसचे फुगे घेताना माझा जीव आजही धाकधूक करतो. अनेक फुगेवाले लोखंडी टाकीत कॉस्टिक आणि ॲल्युमिनियमची भंगार टाकून हाच वायू तयार करतात, आणि अशा टाक्या फुटून देशात ठिकठिकाणी माणसं मेली आहेत. हेलियम पेटत नाही, पण तो महाग पडतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइड गननं, म्हणजे पाइपच्या नळीतून बार उडवणाऱ्या घरगुती बंदुकीनं, शंभराहून जास्त जणांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यांत बहुतेक मुलंच होती. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन तयार होतो. बार उडाला नाही म्हणून पोरगं नळीत डोकावतं आणि नेमका तेव्हाच भडका उडतो.

एवढं सगळं लिहूनही 'मुलांनी प्रयोग करू नयेत' असं मी म्हणणार नाही. तो मुलगा वाह्यात नाही. हाताची पट्टी सोडवून घ्यायला बहिणीला घेऊन आला, तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "आजोबा, शाळेत हे समीकरण फळ्यावर लिहून दिलं. करून कधीच दाखवलं नाही." मला ते फार लागलं. मी निवृत्त झाल्यावर आमच्याही प्रयोगशाळेला कुलूपच लागलं. बाटल्यांवर धूळ आहे, परिचराची जागा रिकामीच आहे. कितीतरी शाळांत आज हेच चित्र आहे. मग पोरांना मोरीशिवाय जागा कुठली?

माझी शिक्षण विभागाला आणि शाळांच्या संस्थाचालकांना हात जोडून विनंती आहे. आठवड्यातून एक दिवस, निदान शनिवारी दोन तास, प्रयोगशाळा उघडा. डोळ्यांना गॉगल, दाराशी वाळूची बादली आणि शेजारी एक जाणतं माणूस, एवढ्यावर सुरुवात होते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाची भाषणं ठेवण्याऐवजी ही परीक्षानळी मुलांच्या हातून पेटवून घ्या. पालकांनी मोरीची पूड उंच फळीवर ठेवावी. पोरगं 'प्रयोग करतोय' म्हणालं तर त्याच्यावर ओरडू नका, कशात काय मिसळणार आहेस ते विचारा. घरात गॅसचा वास आला तर विजेचं कुठलंही बटण दाबू नका. दारंखिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ ला फोन करा.

शहरातल्या कुठल्याही शाळेनं बोलावलं तर मी शनिवारी येईन. मानधन नको. जस्त, आम्ल आणि चार गॉगल माझ्याकडे आहेत.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर,
सोलापूर