कॉलोझवारचं नाव

बुडापेस्ट, ५ जून

ती. आईस,
शि. सा. न.

मेतकूट पोचलं. डबा सुखरूप आहे, काळजी करू नकोस.

काल इथे त्रियानोनचा दिवस पाळला. पहिल्या महायुद्धात हरल्यावर ४ जून १९२० ला व्हर्सायच्या त्रियानोन महालात हंगेरीने तहावर सही केली आणि देशाचा दोन तृतीयांशाहून जास्त मुलूख गेला. ट्रान्सिल्व्हेनिया रोमानियाला, उत्तरेचा भाग चेकोस्लोव्हाकियाला, दक्षिणेचा सर्बांच्या नव्या राज्याला. पश्चिमेची पट्टी तर ऑस्ट्रियाला, जो स्वतःच हरलेला होता! तीस लाखांवर हंगेरियन माणसं घरातून न हलता परदेशात गेली.

घरमालकीणबाई मला पार्लमेंटसमोरच्या स्मारकावर घेऊन गेल्या. जमिनीत उतरत जाणारी शंभर मीटरची वाट, शेवटी ज्योत, आणि दोन्ही भिंतींवर तहाआधीच्या हंगेरीच्या, १९१३ च्या यादीतली बारा हजारांहून जास्त गावांची नावं. बाई चष्मा लावून शोधत होत्या. कॉलोझवार सापडल्यावर त्यांनी दगडातल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. आज ते रोमानियातलं क्लुज. त्यांचे पणजोबा तिथे रेल्वेत होते. नव्या सरकारची शपथ घेतली नाही म्हणून नोकरी गेली, कुटुंब इकडे आलं. घर कुठलं मिळायला? स्टेशनाच्या कडेला उभ्या मालडब्यात राहिले. अशी हजारो माणसं तेव्हा डब्यांत राहत होती. बाईंची आजी डब्याच्या दाराला पडदा लावून आत चूल पेटवायची.

मला भरून आलं. पण आई, दुसरी बाजूही आहे. आमच्या लॅबमधला रोमानियन मित्र म्हणतो, ट्रान्सिल्व्हेनियात आम्ही निम्म्याहून जास्त होतो आणि आमच्या शाळांवर हंगेरियन लादली होती. ते खरंच आहे. १९०७ चा तो कायदा शिक्षणमंत्री अपोन्यी यांचा. आणि १९२० च्या जानेवारीत पॅरिसला जाऊन 'आमच्या लोकांना न विचारता तोडू नका' अशी विनवणी करणारेही तेच अपोन्यी! सार्वमत मिळालं ते फक्त पश्चिम सीमेवरच्या शोप्रोन शहराला आणि भोवतालच्या गावांना. ती हंगेरीतच राहिली. पुढे हिटलरच्या मदतीने थोडा मुलूख परत मिळवला, तोही दुसऱ्या युद्धात हरून घालवला. त्या मैत्रीची किंमत फार भयंकर होती, असं मला वाटतं.

बाई कधी क्लुज म्हणत नाहीत. मला आपला मामा आठवला, पाटीवर बेळगावी लिहिलं तरी बेळगावच म्हणणारा. तिथे युद्ध झालं नाही, माणसं डब्यांत राहिली नाहीत, तरी नाव घेताना त्याचा आवाज बदलतो तो तसाच.

तुझ्या बेळगावातल्या शहापूरच्या घराबद्दल मी कधी नीट विचारलंच नाही. गल्लीचं नाव, शेजारी कोण होते, आजी कानडी कुणाशी बोलायची, सगळं लिहून पाठव. फोनवर सांगू नकोस, लिहूनच पाठव.

बाबांना नमस्कार.

तुझी लेक