धमकीची एन.सी. नको, गुन्हा नोंदवा

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

अत्याचाराची फिर्याद दिलेली बाई महिन्याभरात पुन्हा पोलीस ठाण्याची पायरी चढते. आरोपीचा चुलता घरी येऊन बसलेला असतो: "कोर्टात जबाब फिरव, नाहीतर धाकटीचं लग्न कसं जमतं ते बघतो." ठाणे अंमलदार ऐकून घेतात, अदखलपात्र नोंद (एन.सी., म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास नाही) करतात आणि तिची प्रत हातात देतात. वर सल्ला, "कोर्टात दाद मागा." तालुक्याच्या कोर्टात अशा बायकांसोबत जाते, म्हणून या प्रती बऱ्याच पाहिल्यात.

साहेब, ही एन.सी. मुळातच चूक आहे. खोटी साक्ष द्यावी म्हणून धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ खाली स्वतंत्र, दखलपात्र गुन्हा आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत. धमकी जिवाचीच हवी असं नाही. मालमत्तेची, अब्रूची, घरच्या माणसाच्या बदनामीचीही चालते. म्हणजे धाकटीचं लग्न त्यात आलंच. कलम नवं नाही, जुन्या दंड संहितेत २००६ पासून १९५-अ म्हणून होतं. तरी ठाण्यात लेखणी साध्या धमकीकडेच वळते, कारण तिथे तपासाचं झंझट नसतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर बदलापुरात लोक रेल्वे रुळांवर उतरले, ते तक्रार घ्यायला लावलेल्या उशिरामुळेही. बलात्काराची फिर्याद नोंदवली नाही, तर न्याय संहितेच्याच कलम १९९ खाली पोलिसालाच सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. पण ज्या गुन्ह्यांची फिर्याद टाळली तर ही शिक्षा होते, त्यांच्या यादीत २३२ नाही. पहिली तक्रार टाळायची भीती आणि दुसरीला मोकळं रान! आरोपीच्या माणसांना ही फट बरोबर ठाऊक असते.

साक्षीदार संरक्षण योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच लागू केली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करायचा, पोलिसांनी कामकाजाच्या पाच दिवसांत धोक्याचा अहवाल द्यायचा. असा अर्ज करता येतो, हे माझ्यासोबतच्या एकाही बाईला ठाण्यात कुणी सांगितलेलं नव्हतं.

परिपत्रक काढा. फिर्यादी बाईने साक्ष फिरवण्यासाठी धमकी आल्याचं सांगितलं, की २३२ खाली गुन्हा. त्याच बैठकीत संरक्षणाचा अर्ज भरून घ्यायचा. "मिटवून घ्या" म्हणत दमदाटी करणारा सरपंच असो की संस्थाचालक, त्याचंही नाव त्यात यावं. आणि हे परिपत्रक मराठीत ठाण्याच्या दारावर लावा. पुढच्या बाईला मी तिथेच बोट ठेवून दाखवीन.

आपली,
एक कार्यकर्ती