स्पीकरपेक्षा अँप्लिफायर मोठा असावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

गणेशोत्सव, त्यामागोमाग नवरात्र आणि पुढे हिवाळ्यातील सप्ताह व शाळांची स्नेहसंमेलने, अशा क्रमाने आता सार्वजनिक मंडळे, देवस्थाने, ग्रामपंचायती आणि शाळा ध्वनियंत्रणा विकत घेऊ लागतील किंवा जुनी बदलतील. या खरेदीसाठी मागवलेली दरपत्रके दुरुस्तीच्या व्यवसायामुळे माझ्या पाहण्यात येतात. अमुक हजार वॅटचा अँप्लिफायर आणि अमुक हजार वॅटचे दोन स्पीकर, एवढीच ओळ त्यांत बहुधा असते. हे वॅट कसे मोजले, किती ओहमच्या भारावर (म्हणजे स्पीकरच्या किती विद्युत रोधावर) मोजले आणि दोन्ही वस्तू एकमेकींना साजेशा आहेत का, याचा उल्लेख नसतो. मग वर्गणीच्या किंवा करदात्यांच्या पैशातून आलेली यंत्रणा पहिल्याच मोठ्या कार्यक्रमात बंद पडते, आणि दुरुस्तीला आणणारी मंडळी सांगतात की स्पीकर जळू नये म्हणून आम्ही अँप्लिफायर मुद्दाम लहान घेतला होता. ही समजूत सर्वत्र रूढ आहे आणि ती चुकीची आहे, हे सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. पंधरा इंची, ८ ओहमचा, दोन पट्ट्यांचा, म्हणजे खालच्या व वरच्या स्वरांसाठी वेगळे स्पीकर असलेला बॉक्स. त्याच्या पाठीवर ३०० वॅट सतत, ६०० वॅट प्रोग्रॅम आणि १२०० वॅट पीक असे तीन आकडे लिहिलेले आहेत. दुकानात ठळकपणे सांगितला जातो तो तिसरा, पण चाचणीतून निघतो तो पहिला. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या १९८४ च्या प्रमाणानुसार स्पीकरला दोन तास पिंक नॉइज नावाचा, सर्व स्वरपट्ट्या असलेला सळसळीसारखा संकेत दिला जातो आणि तेवढा वेळ सोसूनही ज्या शक्तीला तो शाबूत राहतो, ती त्याची सततची क्षमता मानली जाते. या संकेतातील क्षणिक उसळ्या सरासरीच्या ६ डेसिबल वर, म्हणजे शक्तीच्या हिशेबात चौपट असतात. ३०० चे १२०० होतात ते असे. मधला प्रोग्रॅमचा आकडा हा सततच्या क्षमतेची दुप्पट करण्याचा व्यवसायातील संकेत आहे, त्यासाठी वेगळी चाचणी होतेच असे नाही.

अँप्लिफायरची शक्ती मात्र साइन लहरीवर, म्हणजे एकाच शुद्ध स्वराच्या लहरीवर मोजतात, आणि साइन लहरीत उसळीची शक्ती सरासरीच्या नेमकी दुप्पट असते. ८ ओहमवर ६०० वॅटचा अँप्लिफायर क्षणभर १२०० वॅटपर्यंत पोहोचू शकतो, तो यामुळे. वरच्या बॉक्सने चाचणीत ज्या उसळ्या सोसल्या, त्या न कापता देऊ शकणारा अँप्लिफायर हवा असेल तर तो ६०० वॅटचाच घ्यावा लागतो. सततच्या क्षमतेच्या दीडपट ते दुप्पट अँप्लिफायर घ्यावा, हा जाणकारांचा नियम या हिशेबातून आलेला आहे. यंत्रणा हाताळणारा माणूस नवखा असेल तर दीडपटीवर, म्हणजे ४५० वॅटवर थांबावे. पण त्या बॉक्सला दीड-दोनशे वॅटचे मशीन जोडून आपण तो सुरक्षित केला, असे कोणी समजू नये.

लहान अँप्लिफायर स्वतःहून काहीच बिघडवत नाही. त्याच्या मर्यादेत आवाज पुरत असेल तर तो वर्षानुवर्षे विनातक्रार चालतो. अडचण सुरू होते ती मागे बसलेल्यांना ऐकू येत नाही म्हणून मिक्सरवरचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर सरकवला जातो तेव्हा. अँप्लिफायरच्या वीजपुरवठ्याचे व्होल्टेज संपले की लहरीचे माथे सपाट कापले जातात आणि समोरचा लाल क्लिप दिवा पेटू लागतो. पूर्णपणे सपाट झालेली लहर त्याच उंचीच्या साइन लहरीच्या दुप्पट शक्ती देते, म्हणजे २०० वॅटचे मशीन ४०० वॅट उष्णता ओतू शकते. बोलण्यातील व संगीतातील उसळ्यांच्या मधल्या उसंतीत स्पीकरमधील तारेच्या गुंडाळीला, कॉइलला, निवण्याची जी संधी मिळते, तीही संपते. याहून मोठे नुकसान वरच्या पट्टीत होते. खालचे स्वर कापले गेले की त्यांची पातळी तिथेच अडते, वरच्या स्वरांची मात्र फेडरबरोबर वाढत राहते. शिवाय कापलेल्या माथ्यांतून नवे वरचे स्वर तयार होतात. बॉक्समधील क्रॉसओव्हर, म्हणजे स्वर पट्टीनुसार वाटणारे सर्किट, हे सारे ट्विटरकडे (वरच्या स्वरांच्या लहान स्पीकरकडे) पाठवतो. ३०० वॅटच्या बॉक्समधल्या ट्विटरची स्वतःची क्षमता पुष्कळदा चाळीस-पन्नास वॅटच असते, कारण नेहमीच्या संगीतात वरच्या पट्टीचा वाटा लहान धरलेला असतो. म्हणून अशा यंत्रणेत पंधरा इंची कोन धडधाकट राहतो आणि ट्विटरच्या डायफ्रामची (पडद्याची) केसासारखी बारीक कॉइल काळी पडून तुटते.

आपल्याकडच्या कीर्तनात हे विशेष लवकर घडते. वीस-तीस टाळकरी एका ठेक्यात टाळ वाजवतात तेव्हा वरच्या पट्टीतील शक्ती नेहमीच्या हिशेबात बसत नाही. त्याच वेळी पखवाजाची थाप अँप्लिफायरला क्लिपमध्ये ढकलत असते. गजर रंगला की साउंडवाल्याला आवाज वाढवण्याचा आग्रह होतो, आणि ज्या ट्विटरवर आधीच सर्वाधिक ताण आहे त्याच्यावरच तो भार पडतो. सप्ताहासाठी यंत्रणा घेणाऱ्या देवस्थानांनी अँप्लिफायरमध्ये काटकसर करू नये, असे मी आग्रहाने सांगतो ते या कारणाने.

मोठा अँप्लिफायर घेतला म्हणजे जबाबदारी संपली, असेही नाही. ६०० वॅटच्या मशीनमधून सतत ६०० वॅट काढले तर ३०० वॅटचा बॉक्स जळणारच. त्यासाठी लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीवर संकेत अडवणारे साधन, लावावा लागतो आणि तो अंदाजाने लावू नये. ८ ओहमवर ३०० वॅट म्हणजे सुमारे ४९ व्होल्ट. सरासरी पातळी तिथे आणि उसळी ९८ व्होल्टवर अडवली की बॉक्स आपल्या क्षमतेत राहतो. दुसरी काळजी खालच्या स्वरांची. भोक असलेल्या बॉक्समध्ये त्याच्या ठरलेल्या कंपनसंख्येखाली कोनाला हवेचा आधार उरत नाही, आणि हातातून पडलेल्या माइकचा एक दणका त्याला फाडू शकतो. भाषण आणि कीर्तनाच्या माइकवर ८० ते १०० हर्ट्झखालचे स्वर गाळून टाकल्याने ऐकणाऱ्याचे काहीच बिघडत नाही. तिसरी गोष्ट अँप्लिफायरवरच्या गोल खटक्याची. तो अर्ध्यावर ठेवला म्हणजे मशीन अर्ध्या शक्तीने चालते, असे अनेक जण मानतात. तो खटका फक्त आत येणारा संकेत कमी करतो; मिक्सरमधून तेवढाच जास्त संकेत दिला की मशीन पुन्हा पूर्ण शक्तीला पोहोचते.

ओहमच्या बाबतीत मात्र चूक करायला जागाच नाही. ८ ओहमचे दोन बॉक्स एकाच चॅनलवर समांतर जोडले की भार ४ ओहम होतो आणि चार जोडले की २ ओहम. अनेक अँप्लिफायर ४ ओहमच्या खाली चालवायचे नसतात, आणि ब्रिज जोडणीत (दोन चॅनल मिळून एकच भार चालवतात तेव्हा) प्रत्येक चॅनलला प्रत्यक्ष भाराच्या निम्माच भार दिसत असल्याने ८ ओहमचा एक बॉक्सही त्याला ४ ओहमसारखा वाटतो. दरपत्रकातील वॅट कोणत्या भारावरचे आहेत हे विचारल्याशिवाय दोन मशीनची तुलना करता येत नाही, कारण २ ओहमवरचा मोठा आकडा दाखवून ८ ओहमवर बरेच कमी देणारे मशीन विकणे अगदी सोपे आहे. जोडणी झाल्यावर, मशीन बंद असताना, साध्या मल्टिमीटरने केबलच्या टोकाला मोजावे: ८ ओहमचा एक बॉक्स सहाच्या आसपास दाखवतो आणि दोन समांतर असतील तर तीनच्या आसपास.

केबलकडे तर कोणाचेच लक्ष नसते. व्यासपीठामागे ठेवलेल्या अँप्लिफायरपासून ३० मीटरवरच्या स्पीकरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर नेली, तर जाऊन-येऊन ६० मीटरचा रोध सुमारे ०.७ ओहम होतो, आणि ४ ओहमच्या भारावर स्पीकरला मिळणाऱ्या शक्तीपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक शक्ती कमी होते. चार चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर ही घट बारा टक्क्यांच्या आसपास राहते. अँप्लिफायर स्पीकरजवळ ठेवून माइकच्या संकेताची लांब वायर नेणे हा याहून चांगला उपाय.

आता मुळात वॅट किती हवेत, हा प्रश्न. स्पीकरच्या माहितीपत्रकात १ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो हे दिलेले असते, आणि खरेदीत हाच आकडा सर्वांत दुर्लक्षित राहतो. ९७ डेसिबलच्या बॉक्सऐवजी १०० डेसिबलचा घेतला तर अँप्लिफायर दुप्पट केल्याइतकाच लाभ होतो. ९७ डेसिबलच्या बॉक्सला ३०० वॅट दिले की १ मीटरवर सुमारे १२२ डेसिबल मिळतात. मोकळ्यावर अंतर दुप्पट होताना दर वेळी ६ डेसिबल घटतात, म्हणजे ३२ मीटरवर ९२ राहतात. त्यातून उसळ्यांसाठी बारा-पंधरा डेसिबलची मोकळीक सोडली तरी भाषण ७७ ते ८० डेसिबलच्या आसपास ऐकू येते. शाळेच्या पटांगणाला असे दोन बॉक्स पुरतात. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलहून जास्त किंवा ७५ डेसिबलहून जास्त असता कामा नये, यांतील जे कमी असेल ते लागू होते; निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आहे. तेव्हा मोठा अँप्लिफायर घ्या असे मी म्हणतो, ते मोठ्या आवाजासाठी अजिबात नाही. वाढीव शक्ती उसळ्या स्वच्छ राहाव्यात म्हणून राखून ठेवायची असते, आणि कापलेला आवाज त्याच पातळीच्या स्वच्छ आवाजापेक्षा कानाला कितीतरी अधिक टोचतो.

गावभर लावलेल्या भोंग्यांचा हिशेब उलटा आहे, एवढेच इथे नोंदवतो. त्यांच्या १०० व्होल्टच्या लाइनवर प्रत्येक भोंग्याला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असतो; त्या सर्व ट्रान्सफॉर्मरवर निवडलेल्या वॅटची बेरीज अँप्लिफायरच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवावी. २५० वॅटच्या मशीनवर २० वॅटचे दहा भोंगे. ट्रान्सफॉर्मर नसलेले युनिट या लाइनला कधीही थेट जोडू नये.

खरेदी समित्यांना माझी विनंती आहे की पुढील दरपत्रकात स्पीकरची सततची क्षमता, ओहम आणि १ वॅटला १ मीटरवरचे डेसिबल, तसेच अँप्लिफायरची ८ व ४ ओहमवरची प्रत्येक चॅनलची सततची शक्ती लेखी मागावी, आणि ती न देणाऱ्याचे दरपत्रक विचारात घेऊ नये. पाच हजार वॅट लिहिलेल्या मशीनच्या मागचा फ्यूज पाहावा: २३० व्होल्टवर ६ अँपिअरचा फ्यूज १३८० वॅटच्या आसपासच सतत आत येऊ देतो, आणि आत येते त्याहून जास्त सतत बाहेर पडू शकत नाही. माल ताब्यात घेताना विक्रेत्यासमोर लिमिटर लावून घ्यावा, त्याच्या व्होल्टची नोंद कागदावर घेऊन तो कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवावा, आणि शेवटच्या रांगेत उभे राहून, क्लिपचा दिवा एकदाही न पेटता भाषण स्पष्ट ऐकू येते याची खात्री झाल्यावरच बिलावर सही करावी.

आपला विश्वासू,
ध्वनियंत्रणा दुरुस्ती करणारा एक वाचक, सातारा जिल्हा