व्हिटनीतल्या त्या अनोळखी माणसांचे आभार

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातलं व्हिटनी प्लँटेशन, म्हणजे उसाचा जुना मळा, हे मालकाच्या हवेलीचं कौतुक सांगणारं ठिकाण नाही. गुलाम म्हणून राबवलेल्या माणसांचं आयुष्य सांगणारं हे संग्रहालय २०१४ मध्ये खुलं झालं. उसाचा रस आटवायच्या लोखंडी काहिली दिसल्या आणि आई थबकली. कोल्हापूरकडची ती, गुऱ्हाळावरच वाढलेली. पुढे गुलामगिरीत दगावलेल्या सुमारे २,२०० मुलांची नावं कोरलेल्या स्मारकापाशी तिला भोवळ आली.

तिच्यावर छत्री धरून उभ्या राहिलेल्या आजी, पाणी घेऊन धावत आलेला मुलगा, आणि ती सावरेपर्यंत थांबून मग हळू आवाजात तिला नावं वाचून दाखवणारे गाइड, तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. तुमची नावं विचारायची राहिलीच. आजी, तुमची छत्री आईने जपून ठेवली आहे.