लेडी बी गुड : श्रीधरला पत्र

पुणे

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर आपले बोलणे अर्धवट राहिले. ‘लेडी बी गुड’ विमानाच्या हकिकतीवर तू शेवटी म्हणालास, की चूक त्या पोरांचीच होती. विमान सोडून वाळवंटात चालत सुटायला त्यांना कोणी सांगितले होते? मी तेव्हा वाद घातला नाही, कारण या प्रकरणातली खरी गाठ दिशाकोनाची आहे, आणि ती कागदावरच सोडवावी असे वाटले. तुझे सारे आयुष्य भूमापनात गेले असल्याने मला ती फार समजावून सांगावी लागणार नाही.

घटना एप्रिल १९४३ची आहे. उत्तर आफ्रिकेतले युद्ध ट्युनिशियात शेवटच्या टप्प्यावर आले होते आणि तिथल्या जर्मन व इटालियन फौजांची रसद इटलीच्या बंदरांतून येत होती. त्यांतल्या नेपल्सच्या बंदरावर हल्ला करण्यासाठी ४ एप्रिलला, रविवारी दुपारी, लिबियातल्या बेनगाझीजवळच्या सोलुख येथील धावपट्टीवरून अमेरिकेची पंचवीस बी-२४ लिबरेटर विमाने निघाली. (युद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली याच जातीची विमाने दुरुस्त करून आपल्या हवाई दलाने १९६८पर्यंत उडवली, हे तुला ठाऊक असेलच.) ‘लेडी बी गुड’ हे त्यांतलेच एक. विमान जवळजवळ नवे होते आणि त्यातल्या नऊ जणांची ही पहिलीच मोहीम होती. धूळवादळामुळे बरीच विमाने माघारी फिरली. हे विमान नेपल्सजवळ पोहोचले तेव्हा अंधार पडला होता आणि लक्ष्य दिसत नव्हते, म्हणून हल्ला न करताच ते परतीला लागले.

परतीच्या मार्गावर भूमध्य समुद्र ओलांडायचा होता. अंतर हजार किलोमीटरांहून अधिक. खाली काळोख, शिवाय ढग, आणि सोबतीला दुसरे विमान नाही. मध्यरात्र उलटून बारा मिनिटे झाली असताना वैमानिक विल्यम हॅटन याने बिनतारी संदेश पाठवला, की आपले स्वयंचलित दिशाशोधक यंत्र चालत नाही, तरी दिशा कळवावी. बेनगाझीजवळच्याच बेनिना येथील केंद्राने त्याचा संदेश ज्या रेषेवरून येत होता ती मोजून, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे ३३० अंश हा कोन दिला. विमान समुद्रावरून, म्हणजे वायव्येकडून, यायचे होते आणि ३३० अंश ही वायव्येचीच दिशा, तेव्हा शंका घेण्याचे कोणालाही कारण दिसले नाही. आता तूच विचार कर. वळ्याच्या, म्हणजे तारेच्या वेटोळ्याच्या, साध्या अँटेनाने मोजलेली ती रेषा होती. अशा अँटेनाला रेषा कळते, पण बोलणारा त्या रेषेच्या कोणत्या टोकाला आहे हे तिला एकटीला कळत नाही. ३३०चा उलट कोन १५०. केंद्राच्या वायव्येला समुद्रावर असलेले विमान आणि केंद्र ओलांडून आग्नेयेला वाळवंटावर गेलेले विमान, दोघांचा आवाज त्या यंत्राला एकाच रेषेवर ऐकू येणार. ‘लेडी बी गुड’ तोपर्यंत तळावरून पुढे निघून गेले होते, असा पुढच्या तपासाचा निष्कर्ष आहे. त्या रात्री तळावरून प्रकाशबाण सोडले गेले, पण विमानातून ते कोणाला दिसले नाहीत.

त्यानंतर सुमारे दोन तास ते विमान त्याच दिशेने उडत राहिले. किनारा अजून यायचा आहे, खाली समुद्र आहे, या समजुतीत प्रत्येक मिनिटाला ते किनाऱ्यापासून आणखी दूर जात होते. रात्रीच्या काळोखात वरून पाहताना सपाट वाळू आणि शांत पाणी यांत फरक करता येत नाही, असे वैमानिकच सांगतात. इंधन संपत आले तेव्हा, पहाटे दोनच्या सुमारास, नऊही जणांनी हवाई छत्र्या घेऊन उड्या टाकल्या. आपण समुद्रात पडणार असे मानून अंगात तरंगणारी जाकिटे घातलेली ती माणसे कोरड्या वाळूवर उतरली. सोलुखपासून ते सुमारे सातशे किलोमीटर आत, कालान्शोच्या वालुकासागराच्या परिसरात होते.

तुझ्या आक्षेपाचे उत्तर इथे आहे. त्यांनी विमान सोडून पायपीट सुरू केली असे झालेच नाही, कारण विमान त्यांच्यापाशी नव्हते. माणसे उतरल्यावर ते रिकामे विमान आणखी सुमारे २६ किलोमीटर उडाले आणि सपाट, कठीण जमिनीवर पोटावर घसरत आपोआप उतरले. शेपटीकडचा भाग तुटून वळला, बाकी विमान बरेचसे शाबूत राहिले. हे त्यांना कसे कळावे? इंधन संपलेले, कोणीही चालवत नसलेले विमान धडकून चक्काचूर झाले असेल, असेच कोणताही शहाणा माणूस धरून चालेल. प्रकाशबाण आणि पिस्तुलाचे बार यांच्या खुणेने आठ जण अंधारात एकमेकांना सापडले. नववा, जॉन वोराव्का, सापडला नाही. त्याची छत्री नीट उघडलीच नव्हती, हे सतरा वर्षांनी कळायचे होते.

सोमवारी सकाळी आठ जण वायव्येकडे निघाले. तळाची दिशा तीच होती, तेव्हा दिशा बरोबर होती. चुकले ते अंतर. समुद्र फार तर एका मोठ्या मजलेवर असेल अशी त्यांची समजूत असणार; प्रत्यक्षात तो शेकडो किलोमीटर दूर होता. या सगळ्या माणसांमागे पाण्याचा साठा किती, तर अर्धी बाटली. रोज प्रत्येकाला बुचाएवढे पाणी.

हे आपल्याला कळते ते सहवैमानिक रॉबर्ट टोनर याच्या खिशातल्या छोट्या रोजनिशीमुळे. तीत मोठे विचार नाहीत, कोणावर राग नाही, वैमानिकाला किंवा विमानात दिशा ठरवणाऱ्या हेजला एक बोलही लावलेला नाही, आणि म्हणूनच ती वाचवत नाही. जॉनचा पत्ता नाही; पंधरा मिनिटे चालायचे, पाच मिनिटे बसायचे; दुपार म्हणजे नरक; सतत प्रार्थना; अशा तुटक नोंदी. गुरुवारी ते वाळूच्या टेकड्यांना लागले. वाऱ्याने सारखी वाळू उडत होती, रॉबर्ट लामॉटची दृष्टी गेली होती आणि बाकीच्यांचे डोळेही बिघडले होते. शुक्रवारी गाय शेली, हॅरल्ड रिप्सलिंगर आणि व्हर्नन मूर हे तिघे मदत आणण्यासाठी पुढे निघाले. उरलेले पाच, म्हणजे हॅटन, टोनर, हेज, लामॉट आणि सॅम्युअल अ‍ॅडम्स, यांना आता चालवत नव्हते. रात्री तापमान पस्तीस अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे गोठणबिंदूच्या जरा वर येई, आणि पांघरायला एकच छत्री उरली होती. शनिवारच्या नोंदीत दोन पक्षी दिसल्याचा उल्लेख आहे. रविवारी टोनर लिहितो, की पाणी असते तर निभावले असते. जीभ टेकवण्यापुरतेच उरले आहे. शेवटची नोंद सोमवार, १२ एप्रिलची : मदत अजून नाही, रात्र फार थंड.

इकडे तळावर काय झाले? विमान परतीच्या वाटेवर समुद्रात पडले असा तर्क झाला आणि शोधही समुद्रावरच घेतला गेला. मला त्या लोकांनाही दोष देववत नाही, कारण ३३० अंशांवर विश्वास ठेवला तर विमान समुद्रावरच असायला हवे होते. एकाच आकड्याने विमानातल्या माणसांना वाळवंटात नेले आणि शोध घेणाऱ्यांना समुद्रावर पाठवले, हे मात्र मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत क्रूर वाटते.

पुढे पंधरा वर्षे काही नाही. १९५८मध्ये तेलाच्या शोधात त्या भागावरून उडणाऱ्यांना वाळूत विमान दिसले आणि १९५९च्या सुरुवातीला एक ब्रिटिश सर्वेक्षण पथक प्रत्यक्ष तिथे पोहोचले. मशीनगन चालत होत्या, बिनतारी यंत्र चालत होते, पाणी होते, खाण्याचे जिन्नस होते, थर्मासमधले पेयसुद्धा पिण्याजोगे होते. माणसे आणि छत्र्या मात्र नव्हत्या. अमेरिकी लष्कराने त्या वर्षी शोध घेतला तेव्हा वाटेत बुटांचे केलेले बाण आणि दगड ठेवून दाबलेल्या छत्रीच्या पट्ट्या सापडल्या, मागून येणाऱ्यांसाठी आणि कदाचित जॉनसाठीही मांडलेल्या. पण माणसे सापडली नाहीत. त्या उन्हात पाण्यावाचून ती इतकी दूर गेली असतील असे शोधणाऱ्यांना वाटलेच नाही.

फेब्रुवारी १९६०मध्ये तेल सर्वेक्षकांनाच पाच जणांचे अवशेष एकत्र मिळाले, विमानापासून सव्वाशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर. त्याच वर्षी मे महिन्यात शेली आणि रिप्सलिंगर सापडले. दोघेही त्या पाच जणांपासून तीस किलोमीटरांहून अधिक पुढे, टेकड्यांच्या चढउतारांतून गेले होते. बुचाबुचाच्या पाण्यावर पाच दिवस काढलेल्या माणसांनी हे अंतर तोडले, हे नुसते वाचूनही पटत नाही. ऑगस्टमध्ये वोराव्का मिळाला. मूर अधिकृतरीत्या आजही बेपत्ता आहे.

या विमानाचे भाग दुसऱ्या विमानांत बसवले आणि तीही अपघातात सापडली, म्हणून ते शापित होते, अशी कथा सांगितली जाते. तुलाही ती कोणीतरी पाठवली होती. मला ती ऐकवत नाही. माणसे कशी मेली याचा इतका नेमका हिशेब समोर असताना शाप कशाला हवा? विमानाचे अवशेष १९९४मध्ये तोब्रुकजवळच्या हवाई तळावर नेण्यात आले, एवढे माहितीसाठी सांगतो.

तू म्हणशील, हिशेबच करायचा तर उलट दिशेने चालत गेले असते तर २६ किलोमीटरांवर पाणी आणि बिनतारी यंत्र होते. खरे आहे. पण हे तुझ्यापुढे नकाशा आहे म्हणून खरे आहे. त्यांच्या जागी उभे राहून तुला दक्षिणेकडे, समुद्रापासून आणि तळापासून दूर, न दिसलेल्या विमानाच्या शोधात जावेसे वाटले असते का? मला वाटते, आठातल्या एकाने जरी तसे सुचवले असते तरी बाकीच्यांनी त्याला वेड्यात काढले असते, आणि ते योग्यच ठरले असते.

माझा प्रश्न वेगळाच आहे आणि तो तुझ्या धंद्यातला आहे. नोकरीत असताना एकाच ठाण्यावरून घेतलेल्या एका दिशाकोनावर, दुसरी रेषा छेदायला नसताना, तू कधी खुणेचा दगड रोवला असतास का? सोलुखचा आणि कालान्शोचा नकाशा सोबत पाठवत आहे. त्यावर ३३० आणि १५०ची रेषा मी पेन्सिलीने आखली आहे. बेनिनाच्या त्या यंत्रापाशी बसलेल्या माणसाने दुसऱ्यांदा, दहा मिनिटांनी, पुन्हा कोन मोजला असता, तर विमान जवळ येते आहे की दूर जाते आहे हे त्याला त्या आकड्यावरून कळले असते की केवळ आवाज क्षीण होत गेल्यावरून, हे मला उलटटपाली कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव