इंदूरहून पत्र: शेवटचं पान आजीला वाचून दाखवू नये

इंदूर,
मार्गशीर्षातला गुरुवार

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार,

पत्र बघून घाबरू नका. काही झालेलं नाही. तब्येत उत्तम, पैसे पुरतात, स्वेटर घालते. फोन असताना पत्र कशाला, असं बाबा विचारणारच, म्हणून आधीच सांगते. फोनवर आपलं बोलणं होतच नाही. बाबा 'बरं आहे ना, मग झालं' म्हणून फोन आईकडे देतात, आईच्या मागे कुकर ओरडत असतो, आजी माजघरातून 'जेवली का ती?' म्हणून विचारते, आणि मी जेवले एवढ्या बातमीवर फोन संपतो. आम्हाला पत्रकारितेच्या कोर्सला पहिल्याच सत्रात क्लॉड शॅननची आकृती होती. हा टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतला गणिती. निरोप धाडणारा, निरोपाची वाट, घेणारा, आणि वाटेत घुसणारा गोंगाट, असं सगळं त्याने १९४८ साली मांडून दाखवलं. परीक्षेत उदाहरण म्हणून मी आपला रविवारचा फोन लिहिला. मार्क बरे पडले. कुकरला माझ्यातर्फे धन्यवाद.

कॉलेज, खोली, मेस हे सगळं तुम्हाला पाठ आहे, ते परत लिहीत नाही.

आधी आईच्या शंका. रात्री सराफ्यात गर्दीत फिरते हे तुला कुणी दाखवलं ते मला कळलंय. त्याला म्हणावं, मी टाकलेल्या त्या व्हिडिओत मागे घरमालकीण काकू उभ्या होत्या, ते नीट बघ. आई, सराफा म्हणजे दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या. त्या मिटल्या की त्याच पायऱ्यांसमोर कढया लागतात आणि लोक सहकुटुंब खायला येतात. आजीच्या वयाच्या बायका बारा वाजता गराडू (तळलेला कंद) खात असतात, थंडीतच मिळतो म्हणून. मी एकटी कधी गेले नाही, जाणारही नाही. आणि घरमालकीण काकू रामबागेतल्या जुन्या मराठी घरातल्या आहेत, होळकरांच्या काळात आलेलं कुटुंब. मला यायला पाच मिनिटं उशीर झाला तर 'कुठे फिरून राहिली गं?' म्हणून गॅलरीतून हाक येते, ती साऱ्या गल्लीला ऐकू जाते. तुला याहून जास्त पहारा हवा असेल तर तो तुरुंगातच मिळेल.

आजी अजून 'परमुलखात पोर टाकली' म्हणते का? तिला म्हणावं, आपल्याकडच्याच जामखेड तालुक्यातली चौंडीची मुलगी अडीचशेच्या वर वर्षांपूर्वी इकडे येऊन राज्य चालवून गेली. माझ्या विद्यापीठाला तिचंच नाव आहे. मी तर फक्त तीन वर्षांचा कोर्स करतेय. (तीनचं काय ते पुढे लिहिते.)

दिवाळीला आले नाही. प्रकल्प जमा करायचा होता हे खरं आहे, आणि दौंडची गाडी गुजरातमधून वळसा घालत जाते, चार दिवसांच्या सुट्टीतले दोन तिच्यातच जातात, हेही खरं आहे. काकूंकडे पहिली आंघोळ झाली, उटणं होतं, अनारसे होते. चांगले होते. आई, तुझ्या अनारशांबद्दल काही लिहीत नाही.

आता इथल्या कचऱ्याचं सांगते. मागे सांगायला गेले तर बाबा हसले आणि विषय तिथेच बारगळला. या वेळी पूर्ण ऐका. सकाळी महापालिकेची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरते. ते कानावर पडलं की माणसं अर्ध्या दाढीचा फेस तसाच ठेवून खाली धावतात. काकूंच्या मोरीबाहेर डब्यांची रांग असते. ओला वेगळा, सुका वेगळा इथवर ठीक आहे. पण प्लास्टिक त्याहून वेगळं, सॅनिटरी पॅड आणि डायपर वेगळे, बिघडलेले चार्जर-वायरी वेगळ्या, आणि मुदत संपलेल्या गोळ्या, फुटके बल्ब, रंगाचे डबे यांचं सहावं खातं. चहाची पुडी असेल तर चोथा ओल्यात, दोरा सुक्यात, पिन असली तर तीही काढून सुक्यात. दुधाची पिशवी धुऊन कपड्यांच्या दोरीवर चिमटा लावून वाळत घालतात! मी आले तेव्हा वाटलं काकूंना काहीतरी झालंय. मग बघितलं तर समोरच्या गॅलरीतही पिशव्याच वाळत होत्या. गाडीवरचा माणूस डब्यात डोकावतो आणि सरमिसळ दिसली तर डबा तसाच हातात परत देतो, तोही चार शेजाऱ्यांच्या देखत. रस्त्यावर शेंगा खाल्ल्या तर टरफलं खिशात घालून घरी आणायची. माझ्या पर्समध्ये आत्ताही चॉकलेटचे कागद आहेत.

आणि हे सगळं जातं कुठे? तर ओला कचरा शहराच्या कडेला देवगुराडियाला. तिथे २०२२ साली सुरू झालेला प्रकल्प आहे, रोज ५५० टन कचरा कुजवून गॅस करण्याचा. त्या गॅसवर इथल्या काही सिटी बस चालतात. म्हणजे मी खाल्लेल्या केळ्याच्या सालीवर मी कॉलेजला जाते, असं काकूंचं म्हणणं. २०१७ पासून स्वच्छ शहरांच्या यादीत इंदूर ओळीने पहिलं येत गेलं, २०२३ ला सुरतेबरोबर वाटून. इथल्या माणसाला त्याचा अभिमान इतका आहे, की रिक्षावालाही भाडं सांगायच्या आधी नंबर सांगतो.

एवढं लिहायचं कारण असं की आमचा प्रकल्प याच्यावरच होता. प्रश्न साधा होता: ही सवय लोकांना लावली कुणी? आम्ही समजत होतो गाण्याने, भिंतीवरच्या चित्रांनी. घरोघर विचारलं तर गाणं सगळ्यांना पाठ, पण डबे कसे लावायचे हे शिकवलं कुणी विचारलं की दारावर परत परत येणाऱ्या संस्थेच्या ताई, गाडीवरचा भाऊ, शाळेतून शिकून आलेला नातू आणि 'वरच्या मजल्यावरची ती' अशी उत्तरं. सरांनी मग पॉल लाझार्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञाचं काम वाचायला दिलं. अमेरिकेत १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी ओहायोतल्या ईरी काउंटीत त्याच त्याच माणसांना महिनोन्‌महिने विचारलं, मत कशामुळे ठरलं? रेडिओ आणि पेपर लोकांना फिरवतात असं वाटत होतं. निघालं असं, की थोडेजण पेपर-रेडिओ लक्ष देऊन घेतात आणि बाकीचे त्या थोड्यांचं ऐकतात. बाबा, यासाठी अमेरिकेला जायला नको होतं. आपल्या किराणावाल्या काकूंनी घेतल्याशिवाय गल्लीत कुणी मिक्सरसुद्धा बदलत नाही.

आता बाबांचं 'पेपर वाचतं कोण? त्यात नोकरी कसली?' दिवाळीआधी तुम्ही हे फोनवर म्हणालात, मी गप्प राहिले, ते उत्तर नव्हतं म्हणून नाही. 'नई दुनिया' १९४७ ला या शहरात निघाला. त्याचे कितीतरी वर्षं संपादक राहुल बारपुते, आपल्यासारख्या मराठी घरातले. राजेंद्र माथुर आणि प्रभाष जोशी पुढे दिल्लीत मोठ्या हिंदी पेपरांचे संपादक झाले, ते इथेच घडले. त्याच्याही आधी काशीला 'आज'चे संपादक बाबूराव पराडकर. मराठी माणसाने हिंदीत लिहून पोट भरणं हे काही मी काढलेलं खूळ नाही. पण तुमचा प्रश्न पगाराचा आहे आणि बारपुते हे त्याचं उत्तर नव्हे, हे मलाही कळतं. सरळ सांगते. वर्गातले सगळे पेपरात जाणार नाहीत. कुणी जाहिरातीत, कुणी रुग्णालयांच्या माहिती विभागात, कुणी कंपन्यांचे व्हिडिओ करण्यात. मी आत्ताच एका लहान कंपनीसाठी शेतीच्या हिंदी व्हिडिओंचं मराठी करते, महिन्याला चार हजार मिळतात. 'फुटवे' आणि 'तुरा' म्हणजे काय ते विचारायला मी अधूनमधून रात्री फोन करते ना, ते याच्यासाठी. तुम्हाला वाटलं असेल मुलीला शेतीची ओढ लागली.

बाबा, आजीला वाचून दाखवत असाल तर इथे थांबा. 'बाकी सगळं ठीक' असं म्हणा आणि पान उलटा.

शिक्षणाच्या नव्या धोरणात तीन वर्षांनी पदवी मिळते आणि घरी जाता येतं. पण पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असले तर चौथं वर्ष संशोधनासाठी घेता येतं. माझे आत्तापर्यंत त्याच्या वर आहेत. मला ते वर्ष करायचंय. हे फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही 'बघू' म्हणाला असतात.

विषयही डोक्यात आहे. १९७५-७६ मध्ये आपल्या देशाने वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही दाखवला, शेती, आरोग्य, शाळेचे धडे. त्यावर अभ्यास झाले, कार्यक्रम कुणी बघितला, कुणाला कळला, कुणी शेतात करून पाहिलं. मला तसंच बार्शीच्या बाजारात करायचंय. शेतकऱ्याला ज्वारी-तुरीचा भाव आधी कुठून कळतो? मोबाइलवर, आडत्याकडून, का गाडीत शेजारी बसलेल्याकडून? आणि तो विश्वास कुणावर ठेवतो? बाबा, तुम्ही तिथल्या गादीवर वीस वर्षं हिशेब लिहिताय, याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. मला ते नियमाने विचारून मांडायचंय. सरांना विषय आवडला. म्हणजे चौथ्या वर्षातले काही महिने मी घरीच असेन. हे आमिष आहे असं आई म्हणेल. थोडं आहेच.

आत्याने आणलेल्या स्थळाबद्दल. मुलगा चांगला असेल, पुण्यात नोकरी, माणसं ओळखीची, मी नाव ठेवत नाही. आत्यावर राग तर अजिबात नाही, तिला तसं सांगाच. पण 'पदवी झाली की लगेच बघू' असं कुणी बोलून बसलं असेल तर ते आत्ताच मागे घ्या, पुढे त्यांनाही वाईट वाटेल. आधी ताईचं होऊ दे. वैशाखात मी आठ दिवस आधी येते, रुखवताचं सगळं माझ्याकडे. आई, तू हे वाचून गप्प बसशील. रागाव हवं तर, पण तशी गप्प बसू नकोस.

आणि पाटल्या. माझ्या पहिल्या वर्षाच्या फीला त्या सोनाराकडे ठेवल्या हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दिवाळीच्या फोटोत तुझ्या हातात नुसती काचेची काकणं दिसली. ताईच्या लग्नात तू तशीच उभी राहणार असशील तर मी रुखवत काय मांडू? माझ्याकडचे अठरा हजार बाबांच्या खात्यावर टाकलेत. पूर्ण सुटणार नाहीत, व्याज तरी कमी होईल. बाबा, मागच्या वेळसारखे परत पाठवू नका. मी जेवते, खरंच जेवते. चौथ्या वर्षाच्या फीसाठी मुदतठेव मोडायचा विचार मनात आणू नका, ती धाकट्याच्या बारावीनंतरची आहे. निम्मी फी मी भरेन. उरलेल्या निम्म्याचं काय, ते वैशाखात समोर बसून बोलू.

आजीच्या गुडघ्याला तेल चोळून द्यायला धाकट्याला लावा. भगवंताच्या देवळात माझ्या वाटचा नमस्कार सांगा. ताईला सांगा, तिच्या शालूचा रंग मला आधी विचारायचा.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, तहसीलमधून या वर्षाचा उत्पन्नाचा दाखला काढून पाठवा. इथल्या सरकारी शिष्यवृत्त्या इथल्या रहिवाशांना आहेत, पण कॉलेजात फीचे हप्ते पाडून घ्यायला तो लागतो. मागचा चालत नाही, मी विचारलं. आणि रेशनकार्डाची प्रतही त्यातच घाला, म्हणजे परत टपाल नको.